जांभळ्या बोटांच्या डॉक्टरबाई

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या की वसाहतीतल्या बायका नकळत थोड्या मागे सरकत. कुंकू लावून घ्यायला डॉक्टरबाई कपाळ पुढे करत, हे खरं. पण लावणारीचा चेहरा पुरेसा जवळ आला की त्यांचा अंगठा वर जाई आणि समोरचीच्या डोळ्याची खालची पापणी अलगद खाली ओढली जाई. आतला ओलसर पडदा त्या क्षणभर पाहत आणि तिथल्या तिथे निकाल देत. "तुझं बरं आहे." किंवा, "लोह कमी आहे तुझं. जेवणावर चहा पिऊन राहिली असशील, बंद कर." शेजारच्या क्वार्टरमधली भोपाळी भाभी एकदा तिळगुळाची वाटी सावरत म्हणाली, "दीदी, हल्दी-कुमकुम में आई हो कि ओपीडी लगाई है?"

"तुम लोग ओपीडी में आती नहीं, तो ओपीडी चलकर आ गई," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता भाभीचीही पापणी ओढून मोकळ्या झाल्या.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या इस्पितळात त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. आयुष्यभर रक्ताचे थेंब काचेवर पसरून रंगवल्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं कायमची जांभळी झाली होती. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतो तो हा रंग नव्हे. याला निळी, थंड कड होती. सूर्य बुडाल्यावर तलावाच्या पाण्यावर थोडा वेळ रेंगाळते तशी. मी कवितेचा अभ्यास करून पुढे कारखान्याच्या राजभाषा विभागात अनुवादक झालेली. दिवसभर निविदा आणि परिपत्रकं हिंदीत उतरवताना मनातल्या मनात रंगांना नावं शोधणं हा माझा चोरटा विरंगुळा होता. त्या रंगाला मला कधीच नाव सापडलं नाही. त्यांच्या हातून प्रसादाचा शिरा घेतला तरी आधी स्पिरिटचा वास यायचा, मग तुपाचा.

त्या नागपूरच्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारण्याचं धाडस माझ्या आईने एकदाच केलं, तेव्हा उत्तर मिळालं, "वेळ नव्हता वहिनी. आणि आता सवय नाही." वेळ नव्हता यावर कुणाचाही विश्वास बसावा, कारण त्यांना स्वस्थ बसलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन त्या घरभर फिरत. एका खोलीत सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या खोलीत संपे आणि ऐकणाऱ्याला मागोमाग जावं लागे. सकाळचा भोंगा होण्याआधी त्या रस्त्यावर असत आणि दुपारच्या भोंग्याला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभ्या.

वसाहतीतली घरं एकाच नकाशावरून बांधलेली. एका घरात राहिलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही घरात अंधारातसुद्धा मोरी सापडावी. डॉक्टरबाईंना ती नुसती सापडत नसे. कुणी नकाशात काय बदल केला आहे, तेही त्यांच्या पायांना कळे. कूलर बसवायला बुजवलेली खिडकी, देव्हाऱ्यासाठी बंद केलेला कोनाडा. "इथून वारा यायचा. काहून बंद केला?" असं त्या यजमानांना विचारत, आणि यजमान स्वतःच्याच घरात परक्यासारखे उभे राहत.

आमच्या मधल्या खोलीत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा लोखंडी कपाटासमोर थबकल्या.

"इथलं दार कुठे गेलं?"

"इथे दार नाहीच," आई म्हणाली. "आम्ही आलो तेव्हापासून ही भिंतच आहे."

"आणि कपाट?"

"ते आधीच्या लोकांचं. जड होतं म्हणून सोडून गेले."

"त्यांना तरी कुणी सोडलं असेल," असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. ते किंचाळत सरकलं. मागे खरोखरच दार होतं. चुन्याचे थरावर थर बसून कडीसुद्धा भिंतीच्या रंगाची झालेली. त्यांनी उलथन्याने फटी मोकळ्या केल्या, दाराला दोन धक्के दिले, आणि परसातल्या पपईचा हिरवा, दुधाळ वास एकदम आत आला. त्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षं भर दुपारी ट्यूबलाइट लावून जेवत होतो. आईला जळमटांचा राग आला. पुढे कितीतरी दिवस ती "तुमच्या त्या डॉक्टरबाई" असाच उल्लेख करत होती, जणू मी त्यांना जन्म दिला होता.

माझे बाबा कारखान्याच्या टर्बाइन विभागात तपासनीस होते. ओतीव लोखंडाचे भाग त्यांच्या टेबलावर येत. ते बोटाने, भिंगाने, मापाने बघत आणि तीनपैकी एक शब्द उच्चारत: पास, रीवर्क, स्क्रॅप. घरातही तेच. शेजारच्या मुलाचा परीक्षेचा निकाल असो की आईच्या लोणच्याचा, बाबांना निकाल कळल्याखेरीज चैन पडत नसे. निवृत्तीला थोडा अवधी राहिला होता, तेव्हा त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. ते म्हणत, ब्रश कडक आहे.

फाटकाशी उभं राहून ते डॉक्टरबाईंशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते, तेव्हा बाईंचा अंगठा सवयीने वर गेला. मी व्हरांड्यात होते. बाबांची पापणी खाली ओढलेली आणि डॉक्टरबाई गप्प, असं ते दृश्य मला दिसलं. तोवर त्यांना गप्प पाहिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "उद्या लॅबमध्ये या. उपाशी यायची गरज नाही."

पुढचं सगळं मुंबईत झालं. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तपासली. रक्ताचा कर्करोगच, पण सावकाश चालणारा, कधी पळत सुटेल याचा नेम नसलेला. मज्जा पेशी बनवत होती, पण कच्च्या, बेढब; त्या कामाला लागण्याआधीच मरत होत्या. दुसऱ्याची मज्जा घालण्याइतकं बाबांचं हृदय भक्कम नव्हतं. एक औषध होतं: आठवडाभर रोज पोटाच्या कातडीखाली सुई, मग जवळजवळ तीन आठवडे वाट पाहायची, मग पुन्हा आठवडाभर सुया. गुण येईलच असं नाही. आला तरी निदान चार-पाच फेऱ्यांनी. सुया भोपाळमध्येच घ्यायच्या आणि मधली रक्तं डॉक्टरबाईंनी तपासायची, असं ठरलं.

आम्ही परतलो त्या संध्याकाळी त्या आल्या आणि मधल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. बाबा खुर्चीत बसून मान इकडून तिकडे वळवत होते.

"साहेब, माणसाच्या प्रत्येक पेशीत एकच नकाशा असतो. रक्ताच्या, कातडीच्या, सगळ्या. कुठली दारं उघडी ठेवायची न कुठली लावायची, एवढाच फरक. त्यासाठी नकाशावर बारीक खुणा असतात. तुमच्या मज्जेत त्या खुणा भलत्या ठिकाणी बसल्या आहेत. पेशीला मोठं व्हायला सांगणारी दारं झाकली गेली आहेत. त्या कपाटासारखी."

"म्हणजे ओतकाम चांगलं आहे? दोष नाही?"

"आहे थोडा. कुठेकुठे विटाही ढासळल्या आहेत, तेव्हाच कपाटं अशी वेडीवाकडी लागतात. खोटं नाही बोलत. पण बरीच दारं नुसती झाकलेली आहेत, मोडलेली नाहीत."

"मग सरकवा की कपाट."

"तेच तर होत नाही बाप्पा." त्या स्वयंपाकघरात गेल्या, पुढचं तिकडून ऐकू आलं. "एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा नवीन घरातही कपाट जुन्याच जागी लागतं. नव्या भाडेकरूला वाटतं इथे भिंतच आहे. हे औषध लागलेलं कपाट हलवत नाही. घर बदलताना जो हमाल कपाट लावायला येतो, त्याला धरून ठेवतं. म्हणून एका फेरीत काही दिसत नाही. पेशी दुभंगल्या पाहिजेत, पुन्हा दुभंगल्या पाहिजेत. आणि घर बदलताना पसारा होतो. तुमचे आकडे आधी पडतील. घाबरायचं नाही."

बाबांनी एक प्रश्न विचारला, तो माझ्याकडे न बघता. "हिला होईल का?"

"हे तुमचं तुम्ही आयुष्यात मिळवलेलं आहे. सहसा लेकरांकडे जात नाही."

"आणि मिळालं कशाने? तो वायू?"

भोपाळमध्ये हा प्रश्न कुठल्याही आजारपणात आज ना उद्या येतोच. वायुगळतीच्या त्या रात्री आम्ही वसाहतीत होतो आणि वारा आमच्या बाजूला वळला नव्हता. डॉक्टरबाई दारात थांबल्या. "होय म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. ज्यांच्या अंगावरून तो गेला त्यांनाच अजून पुरती उत्तरं मिळाली नाहीत, साहेब. तुम्ही रांगेत त्यांच्या मागे उभे राहा."

त्यानंतरच्या आठवड्यांत घराला एक प्रकारचा ज्वर चढला होता. कुणी एका जागी बसत नसे. आई भांडी पुन्हा घासायची. मी कार्यालयात एकच ओळ अनेकदा अनुवादून खोडत होते. बाबांच्या पोटावर सुयांच्या जागी लाल, खरबरीत चट्टे उठले. ते शर्टाखाली हात घालून सतत चाचपत असत, जणू एखाद्या भागाचा पृष्ठभाग तपासत आहेत. आकडे पडले. पडतील असं सांगितलं होतं. पण ऐकलेली गोष्ट कागदावर छापून आली की तिचं वजन वेगळं असतं. दुसऱ्या फेरीनंतर ते आणखी पडले, ताप आला, दोनदा रक्त चढवावं लागलं.

बरे होऊन घरी आल्यावर बाबांनी चष्मा पुसला आणि आईला सांगितलं, "आता सुई नाही."

"म्हणजे?"

"दोनदा रीवर्क करून माप खालीच गेलं, तर तो भाग पुढे पाठवायचा नसतो. माणसांचा वेळ जातो, माल वाया जातो. मी आयुष्यभर हेच केलं."

"तुम्ही काय माल आहात का?" आई म्हणाली. तिच्या हातातल्या सुपातले तांदूळ हलायचे थांबले होते.

"तपासनीस आहे. मला कळतं कधी थांबायचं ते."

आईने मला डॉक्टरबाईंकडे पिटाळलं. त्या आल्या, पण बाबांनी त्यांचंही ऐकलं नाही.

"पुढच्या फेरीने गुण येईल, असं म्हणता का तुम्ही?"

"नाही म्हणू शकत."

"शक्यता बरी आहे, एवढं तरी?"

"थांबलात तर ती शून्य. एवढंच माहीत आहे."

"हा काही निकाल झाला नाही, डॉक्टरबाई."

त्या परसदारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. आई त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होती की एक खोटं वाक्य बोला, फक्त एक. ते त्यांना येत नव्हतं. शिवण येत नाही, पोहणं येत नाही, तसं. शेवटी म्हणाल्या, "उद्या दुपारी लॅबमध्ये येता? सुईसाठी नाही. मला तुमच्या डोळ्यांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. बाहेर पोळणारी लू वाहत होती, वसाहतीतले गुलमोहर पेटल्यासारखे उभे होते. आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि त्याखाली स्पिरिटचा. टेबलावर एका ट्रेमध्ये मूठभर स्लाइड होत्या. प्रत्येकीचं नावतारखेचं टोक कागदी पट्टी चिकटवून झाकलेलं.

"यात तुमचं औषधाआधीचं रक्त आहे आणि नंतरचं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं मिसळून ठेवलं आहे. कुठलं कुठलं, ते मलाही आता सांगता यायचं नाही. मला वाटून राहिलं आहे की नंतरच्या रक्तात पेशी थोड्या आहेत, पण ज्या आहेत त्या नीट बनल्या आहेत. पण मला तसं दिसावं असं वाटतं, साहेब. म्हणून माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नाही. तुम्ही बघा."

"मला काय कळणार त्यातलं?"

"तपासनीस आहात ना?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. त्यांना आधी फक्त गुलाबी धुकं दिसलं. डॉक्टरबाईंनी त्यांचा हात स्क्रूवर ठेवला. धुकं फुटलं असणार, कारण त्यांचे खांदे एकदम स्थिर झाले. चांगल्या पांढऱ्या पेशीत तीन-चार पाकळ्या दिसतात, बारीक दोऱ्याने जोडलेल्या, आणि भोवती दाणे भरलेले. बिघडलेलीत दोनच गोळे, चष्म्याच्या भिंगांसारखे, आणि भोवताल रिकामा. एवढंच डॉक्टरबाईंनी शिकवलं, तेही नागपुरी घाईत, आणि बाहेर निघून गेल्या. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज जात होता, येत होता.

बाबांना कुणी घाई केली नाही. ते एकेक स्लाइड लावत, काचेवर टाकायच्या तेलाचा थेंब माझ्याकडून मागून घेत, बघत, काढत, परत आधीची लावत. अशक्तपणाने त्यांची मान मधूनच थरथरे, मग हनुवटी हातावर टेकवून ते पुन्हा वाकत. त्यांच्या मानेवर मला दोन फेऱ्यांत उतरलेलं मांस दिसत होतं. कितीतरी महिन्यांनी ते स्वतःचं रक्त सोडून दुसऱ्या कशात तरी गुंतले होते, असं मला वाटलं. आणि मग ध्यानात आलं, ते त्यातच गुंतले होते.

त्यांनी ट्रेमध्ये दोन रांगा लावल्या. डावीकडची छोटी, उजवीकडची मोठी. उजवीकडे बोट ठेवून म्हणाले, "हा नंतरचा माल. चोख आहे. उत्पादन कमी, पण चोख. एक-दोन शंकास्पद आहेत."

डॉक्टरबाई आत आल्या. ट्रे उचलून खिडकीपाशी गेल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. उजेडाविरुद्ध त्यांचे विस्कटलेले केस तांबूस दिसत होते. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "सोमवारी सुई."

बाबांनी चष्मा लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. किती बरोबर आल्या, हे त्यांनी विचारलं नाही. घरी येताना रिक्षात मी वाट पाहत होते, पण ते रस्त्याकडे बघत राहिले.

चौथ्या फेरीनंतर आकडे पडायचे थांबले. पाचवीनंतर चढले. श्रावण सरेपर्यंत बाबा जिना न थांबता चढू लागले, आणि एका सकाळी कडक ब्रशने दात घासून बेसिन आईला दाखवायला बोलावलं. ते पांढरं बेसिन आईने असं पाहिलं, जसं कुणी रांगोळी पाहतं.

त्या काळात आम्ही मंडीदीपच्या रस्त्याने भोजपूरच्या महादेवाला गेलो होतो, डॉक्टरबाईंना घेऊन. गाडीतही त्यांना चैन नव्हती; खिडकीची काच वर, खाली. वाटेत पेरूवाल्याजवळ थांबलो. पैसे देता देता त्यांचा अंगठा वर गेला. "अरे मॅडम, आँख क्यों?" तो मागे सरकला. "तुम्हारे अमरूद अच्छे हैं, खून अच्छा नहीं है. अस्पताल जाओ," त्या म्हणाल्या. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्या ठसक्याने आम्ही तिघी एकदम त्यांच्याकडे वळलो, आणि तो नुसता ठसकाच निघाला.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्याच्या तोंडाशी आजार परतला तो पळत, आणि या वेळी औषधाला त्याने दाद दिली नाही. डॉक्टरबाईंनीच बाबांना ते सांगितलं, स्पष्ट, दोन वाक्यांत. बाबांनी मान हलवली. शेवटचे दिवस त्यांनी घरीच काढले, उघड्या परसदाराशी खाट लावून. आई म्हणते, ते दोन उन्हाळे मिळाले. मी तिला दुजोरा देते.

वर्षभराने डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि नागपूरला निघाल्या. मी सामान बांधायला मदत करायला गेले. त्या एक खोका भरत, अर्धा सोडून दुसरा उघडत. मी वर्तमानपत्रात कप गुंडाळत होते. तेव्हा मी ते विचारलं, जे बाबांनी विचारलं नव्हतं.

"त्या दुपारी बाबांनी किती बरोबर लावल्या होत्या?"

"मी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्या दोरीची गाठ मारण्यात गुंतल्या होत्या. जांभळी बोटं दोरीत अडकत होती.

"पट्ट्या काढल्याच नाहीत मी. चुकीच्या निघाल्या असत्या तर त्यांना सांगावं लागलं असतं. मला दुसरं काही बोलता येत नाही, तुला माहीत आहे. सुईला तयार झालेला माणूस समोर बसला होता." गाठ सुटली. त्यांनी पुन्हा मारली. "ज्या बाईने जन्मभर लोकांच्या पापण्या ओढून पाहिलं, तिने तेवढं एक पाहिलं नाही. आता रागव."

मला राग आला की नाही, ते मला त्या क्षणी कळलं नाही. मी एवढंच विचारलं, त्या स्लाइड कुठे आहेत.

"ठेवायला हव्या होत्या. पण राहिल्या असत्या तर मी एक दिवस पाहिल्या असत्या. म्हणून त्याच संध्याकाळी साबणाने धुतल्या. तेव्हा आपल्याकडे काचा कमीच असायच्या." त्या उठून खिडकीशी गेल्या, आणि तिथून त्यांचा आवाज आला. "दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाचं रक्त होतं."